आठवड्याची सात घरं

होळी उलटली की माझा पाय घरात ठरत नाही. लातूरचे रस्ते दुपारी ओस पडतात, नळाचा होता नव्हता तो भरवसा उडतो, दारातला कडुनिंब फुलून अंगणभर बारीक पांढरा सडा टाकतो. तो कडसर गोड वास नाकात गेला की मी कपाट आवरायला काढते आणि अर्ध्यावर सोडून देते. चहा ठेवते, तो उकळून उकळून काळा होतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, "वयाच्या मानानं तुम्ही फार तुरुतुरु करता." करते खरी. पण हे वयाचं नाही, मोसमाचं आहे. या दिवसांत नांदेडच्या बसमध्ये बसल्याशिवाय मला बरं वाटत नाही, मग तिकडं काम असो वा नसो.

बसची खिडकी उघडी ठेवली तर झळ आणि बंद केली तर भट्टी. अहमदपूर जातं, लोहा जातं, नांगरून टाकलेली काळी रानं उलटी पडून भाजत असतात. मध्येच एखादा पळस, बाकी सगळं खाकी. नांदेड जवळ आलं हे मला पाट्यांवरून नाही, हळदीवरून कळतं. पोत्यांनी लादलेले टेंपो मोंढ्याच्या बाजाराकडं चाललेले असतात आणि त्यांच्या मागं हवेत एक कोरडा, घशात बसणारा वास राहतो. लोकांना हळद म्हटलं की लग्न आठवतं. मला एक सतरा वर्षांचा मुलगा आठवतो, त्याचा सतत हलणारा गुडघा आठवतो, आणि माझ्याही पायांना आपोआप कंप सुटतो.

मी तेव्हा नांदेडमधल्या एका लहानशा संस्थेत समुपदेशक होते. रविवार धरून आठवड्याचे चार-पाच दिवस तिकडं, मधले दोन-तीन लातूरला. नशेत अडकलेल्या, चोरीमारीत सापडलेल्या मुलांना लांब कुठं कोंडून ठेवण्यापेक्षा त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच माणसांत ठेवून बरं करावं, असं संस्थेचं म्हणणं होतं. माझंही होतं. म्हणायला काय जातं!

मुलाचं नाव सम्यक. बौद्ध वस्तीतला, विहाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक खोली, त्यात तो आणि त्याची आई शोभाबाई. वडील कधीच निघून गेलेले. सम्यकला पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा नाद लागला होता. त्या नादात दोन मित्रांबरोबर उभ्या ऑटोची बॅटरी काढताना तो सापडला. बाल न्याय मंडळानं त्याला घरी राहू दिलं, पण अटीवर. उपचार घ्यायचे, वस्तीनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं, परिवीक्षा अधिकारी बाई अधूनमधून येऊन बघणार, आणि गाडी रुळावर नाही असं दिसलं तर त्याची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बंद केंद्रात होणार.

अशाच एका केंद्रात तो आधी राहून आला होता. आला तो मुका होऊन आला, असं शोभाबाई सांगायच्या. घरात दाराशी झोपायचा, पायात चप्पल घालून. परत पाठवायचं नाव निघालं तेव्हा त्यानं आईला अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं, "आता पाठवलं तर मी काई परत येत न्हाई बघ." शोभाबाई हे मला सांगताना रडल्या नाहीत. त्या नुसत्या आपले हळदीनं पिवळे झालेले हात एकमेकांवर चोळत राहिल्या, मी मात्र त्या रात्री नीट जेवले नाही.

शोभाबाई मोंढ्यात हळद निवडायला जायच्या, सकाळी जायच्या ते दिवेलागणीला यायच्या. हळदीचा मोसम सोडून घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणजे संध्याकाळ आईची, रात्र आईची, पण मधला तो लांबलचक, पांढरा, पत्र्यातून खाली उतरणारा दिवस कुणाचाच नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गोळ्या लिहून देताना म्हणाले होते, "औषध मी देईन. पण याचा दिवस रिकामा ठेवू नका."

"बसूच देत न्हाई मॅडम," सम्यक मला सांगायचा. "आतून कुणीतरी ऊठ ऊठ करायलंय. उठलो तर जायचं कुठं म्हनून बसतो. बसलो की पुन्हा ऊठ." हे बोलतानाही त्याचा गुडघा शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखा चालू असायचा. मी त्याच्यासमोर समुपदेशकासारखी शांत बसायचा प्रयत्न करायचे आणि टेबलाखाली माझाही पाय हलत असायचा. मला काही व्यसन नाही. पण 'ऊठ' म्हणणारं ते आतलं माणूस माझ्या चांगलं ओळखीचं आहे.

वारांची कल्पना माझी. माझे वडील, नाना, लहानपणी वार लावून शिकले. गरिबाघरचा हुशार मुलगा शिकायला मोठ्या गावी आला की सात घरं ठरायची, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असं जेवून तो शिकायचा. घरी ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की तिचा अभिमानच वाटायचा. मला वाटलं, सम्यकच्या रिकाम्या दिवसाला हेच औषध. रोज एका घरानं त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपलं म्हणायचं, त्यानं त्या घरच्या कामाला हात लावायचा, तिथंच जेवायचं. रविवार आईचा.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर मी हे मांडलं. वर पंखा गरम हवा ढवळत होता. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग निर्मलाताई उठल्या. निर्मलाताई म्हणजे पिको-फॉल करणारी, उन्हाळ्यात पापड-कुरडयांची कामं घेणारी, आवाजाला कुलूप नसलेली बाई.

"म्हंजे तुमच्या बामनाच्या पोरांवानी?" त्यांनी विचारलं.

"हो, तसंच," मी म्हटलं.

"तवा आमच्या आज्याला कुणी वार लावला असता का मॅडम?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. निर्मलाताईंनीच मान हलवली. "लावू. न्हाई कशाला? आमचं लेकरू हाय ते. पन खानं फुकट न्हाई, त्यानी राबायचं. बुधवार मला द्या."

मग पटापटा वार गेले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी सोमवार घेतला आणि त्यांना सगळे 'सोमवारचे काका'च म्हणायला लागले. मंगळवार अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडं, शुक्रवार एका ऑटोवाल्याकडं. जयंतीचे दिवस जवळ आले होते, गल्लीत निळ्या पताका लागत होत्या, वर्गणी, कमान, डीजे यांवरून तरण्या पोरांचे वाद चालले होते, आणि त्या सगळ्या गजबजीत सम्यकच्या वारांवरूनही थोडी ओढाताण झाली. शनिवारवर दोन घरांनी हक्क सांगितला. मी हरखून गेले होते. लातूरला परतताना बसमध्ये कंडक्टरलाही हे सांगावंसं वाटलं.

पुढचे आठवडे फार चांगले गेले. इतके चांगले, की मला झोप येईना.

सोमवारी काकांच्या घरी त्याला अंड्याचं कालवण. मंगळवारी पुरी. गुरुवारी तर त्याच्यासाठी कोंबडी कापली. राबायचं वगैरे बोलणं बोलण्यातच राहिलं. त्यानं झाडू उचलला की कुणीतरी तो हातातून काढून घ्यायचं, "राहू दे बाळा, तू बस." घरातली पोरं टीव्हीसाठी भांडायला लागली की त्यांना डोळे वटारून गप्प केलं जायचं आणि रिमोट सम्यकच्या हातात यायचा. नवराबायकोंनी आपली भांडणं त्या दिवसापुरती पुढं ढकलली. सम्यकला शर्ट घट्ट व्हायला लागले. रविवारी विहारात मी विचारायचे, "कसा आहे?" आणि सगळ्यांकडून एकच उत्तर यायचं, "बरं हाय. काई तक्रार न्हाई."

अधिकारी बाई एकदा येऊन गेल्या, त्यांनाही तेच ऐकवलं. त्या मान हलवून गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण सम्यकचा गुडघा थांबला नव्हता. उलट आता तो हसायलाही लागला होता, कुणीही बघितलं की ओठ ताणून हसायचा, आणि ते हसू बघून मला माझी पर्स उचलून चालू लागावंसं वाटायचं.

लातूरला आले की वेगळंच उकळत असायचं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे दिवस. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घराच्या गच्चीवर खोल्या, त्यात किनवट, उमरी, परभणी, कुठून कुठून आलेली मुलं. सकाळी क्लास, दुपारी क्लास, हातात मेसचा डबा. आज, आत्ता हे लिहितानाही खाली तशीच मुलं चालली आहेत, डोक्यावर दप्तर धरून, सावलीच्या पट्ट्यातून. एक मुलगी रोज माझ्या कट्ट्यावर टेकून डबा उघडते, झाकण लावते, पुन्हा उघडते, आणि बहुतेक वेळा न खाताच उठते. परवा मी विचारलं, "भाजी आवडत नाही का गं?" ती दचकून म्हणाली, "नाही नाही काकू, छान आहे." घरापासून लांब आलेल्या मुलांना सगळं छानच असतं. तिला मंडळापुढं उभं राहायचं नाही, तिच्यावर लक्ष ठेवायला कुणी अधिकारी येणार नाही, तिला आपण हुशार म्हणतो. पण तिचाही पाय कट्ट्याखाली हलत असतो, मी बघितलं आहे.

नाना तेव्हा होते. ऐंशी ओलांडलेले, कोरडे ठणठणीत, शाळामास्तरी संपून जन्म लोटला तरी शर्टाच्या खिशाला पेन. वारांची गोष्ट मी त्यांना मुद्दाम राखून ठेवून सांगितली, ते खूश होतील म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं आणि ताटावरून उठून गेले. पुढच्या खोलीत जाऊन पंख्याखाली उभे राहिले.

"काय झालं नाना?"

"त्या मुलाला रुसता कुठं येतं?"

मला कळलंच नाही.

"सात घरी जेवलो मी," नाना म्हणाले. "माणसं चांगली होती. पोटभर वाढायची. पण सातही घरी मी गुणी मुलगा होतो. माझे वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा गुणी होतो. कुठल्या घरी रडायचं? सोमवारच्या घरी रडलो तर मंगळवारच्यांना कळेल, म्हणतील पोर अपशकुनी आहे. एका घरी नाही म्हटलं, तर सातही घरी नाही म्हटल्यासारखं." त्यांनी खिशातलं पेन काढून परत लावलं. "तुम्हाला मी ही गोष्ट हसून सांगायचो, कारण मला ती दुसरी कशी सांगायची ते येत नव्हतं."

अभिमानानं मिरवलेली आपल्या घरची गोष्ट अशी एका दुपारी उलटी होऊन पडली. मी दुसऱ्या दिवशीची पहिली बस धरली. जाऊन काय करणार होते ते मला माहीत नव्हतं, पण घरात बसणं शक्य नव्हतं.

मी काही करायच्या आत निर्मलाताईंनी केलं. बुधवारचा दिवस, त्यांच्या गच्चीवर कुरडयांचं काम. गव्हाचा चीक शिजवून पातेलं खाली उतरवलेलं. सम्यकनं ते धरलं आणि त्याचे हात थरथरले. अख्खं पातेलं पालथं. इतर कुठल्याही घरी म्हणाले असते, असू दे बाळा. निर्मलाताई त्याच्यावर धावून गेल्या, त्याचा शर्ट धरला, आणि शर्टाचा वास त्यांच्या नाकात गेला.

"अय! सोल्युशन घेऊन आलास माझ्या घरी? माझा तीन दिवसांचा गहू मातीत घातलास भाड्या! शोभाच्या हाताची सालटं निघायलीत मोंढ्यात, आन् तू हे करायलास?"

आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला. मी विहाराच्या पायरीवर होते, मलाही ऐकू आला. आणि मी बघितलं, गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद होत होत्या. ऐकायला डोकं बाहेर काढणारी गल्ली, त्या दिवशी डोकी आत घेत होती.

रविवारी विहारात जमले ते सगळे निर्मलाताईंवर नाराज. सम्यक दाराशी बसलेला, शोभाबाई भिंतीला टेकून.

सोमवारचे काका म्हणाले, "निर्मला, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कामून आणलीस? आता अधिकारी बाईच्या कानावर गेली तर लेकराला नेतील की उचलून."

"माझ्या घरी झालं ते मी बोलले," निर्मलाताई म्हणाल्या. "तुमच्या घरी झालं असतं तर तुम्ही काय गप बसला असता?"

काका वर पंख्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बसलोच की."

काका सतरंजीवर पुढं सरकले.

"सोमवारी बी झालं हाय. एकदा न्हाई, लई बार. मला वाटलं, आपल्याच वाराला झालं. बाकीच्यांचं चांगलं चालू हाय, आपला वार कशाला बदनाम करावा. म्हनून म्हनलं, बरं हाय."

अंगणवाडीच्या बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "मंगळवारी बी," त्या म्हणाल्या. ऑटोवाला म्हणाला, "शुक्रवारी बी हाय ना मग. मला वाटलं मीच येडा." गुरुवार आला, शनिवार आला. एका पोराला हसू फुटलं, "म्हंजे साफ कवाच नव्हता की ह्यो!" आणि दोघंतिघं हसले. सगळ्यांनी त्याला वाचवायला झाकलं होतं. प्रत्येकानं आपल्यापुरतं. मीही तर दर रविवारी 'बरं हाय' ऐकून सुटल्यासारखी उठत होते.

राहिला रविवार. कुणी शोभाबाईंकडं बघितलं नाही. त्या आपणहून बोलल्या.

"ऐतवारी बी. माझ्या नाकात दिवसभर हळद भरलेली असते, तरी मला वास आला. मी भ्याले. बोलले तर पळून जाईल वाटलं. म्हनून अजून एक भाकर वाढली."

तेव्हा सम्यक उठला. मला वाटलं, गेला आता. पण तो आत आला, आईच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, आणि ज्या आवाजाची आम्हाला महिनाभर कुणालाच कल्पना नव्हती त्या आवाजात ओरडला.

"मग बोल की! बोलत कामून न्हाईस? सगळे नुस्ते वाढायलेत. कुणी रागावंना, कुणी विचारना. मी काय पाव्हना हाव? सात घरी सात दिवस शहान्यावानी बसू बसू डोस्कं फुटायलंय माझं. अंगात आग असली तरी हसायचं. रडू आलं तरी जेवायचं." त्याला धाप लागली. "बुधवारी काकू शिव्या देत व्हती, तवा वाटलं, हां, मी हाय हितं."

निर्मलाताई हमसून रडायला लागल्या. शोभाबाईंनी उठून त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग दुसरी, मग त्याच दंडाला धरून उभ्या राहिल्या. हळदीचे ठसे उमटले त्याच्या शर्टावर.

"मला आता कुणाच्या घरी जायचं न्हाई," सम्यक म्हणाला. "ज्याला यायचं त्यानी माझ्या घरी यावं."

आणि तसं झालं. वार तेच राहिले, दिशा उलटली. सोमवारी काका आपला रेडिओ दुरुस्तीला घेऊन त्याच्या खोलीत यायचे आणि तो रेडिओ दिवसभर उघडा पडलेला असायचा. निर्मलाताई पापडाचं पीठ घेऊन यायच्या, तो लाटायचा, त्या नावं ठेवायच्या. चहा सम्यकनं करायचा, दुपारचं जेवणही त्यानंच. पहिल्या भाकरी कुणाला दाखवाव्यात अशा नव्हत्या. यजमान झालेलं माणूस भांडी आपटू शकतं, आणि त्यानं ती मनसोक्त आपटली. एकदा ऑटोवाल्याला हाकलून दिलं, संध्याकाळी जाऊन परत बोलावून आणलं. घेतलं की सांगायचा. कधी तोंड फिरवून, कधी भिंतीला सांगितल्यासारखं, पण सांगायचा. ऐकणारा त्याला फैलावर घ्यायचा, मग दोघं दवाखान्यात जायचे. घेणं थांबलं नव्हतं, कमी झालं होतं, आणि कमी हा शब्द मंडळाला पुरेल का, याची घालमेल मला रात्रंदिवस होती. अधिकारी बाई कधीही येणार होत्या. लपवलं तर पुन्हा तेच सगळं, सांगितलं तर गाडी दारात. मी लातूर-नांदेड, नांदेड-लातूर करत राहिले, दोन्हीकडं बसून मला चैन पडेना.

लग्नसराईचे दिवस, शनिवारचं घर लग्नाला मुरुडला गेलं. घरी मी हे बोलून गेले. नाना पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "म्हणजे शनिवार मोकळा आहे. मी जातो."

"या उन्हात? तुम्ही?"

"मला घेऊन चल म्हणतोय, विचारत नाही."

पहाटेच्या बसनं निघालो. खिडकीशी बसून नाना रानं बघत होते. लोहा गेल्यावर, बसच्या खडखडाटात, मला ऐकू येईल न येईल अशा बेतानं म्हणाले, "सात घरी जेवलो खरं. पण सातही आपल्याच लोकांची. त्यापलीकडं गाव आहे, तिथंही चूल पेटते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही."

सम्यकनं त्यांना खाटेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि माझ्याकडं बघून कानात म्हणाला, "ह्यांच्यासंगं करायचं काय?" नानांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. दुपारपर्यंत दोघं पत्ते खेळले. नाना लबाडी करत होते, सम्यकनं पकडलं, नानांनी कबूल केलं नाही. पत्रा तापून तडतडत होता. मग तो उठला आणि स्टोव्हपाशी बसला. पिठलं आणि भाकरी. नाना मांडी घालून जेवायला बसले, निर्मलाताई दारात टेकून बघत होत्या. नानांनी एक शब्द न बोलता ताट साफ केलं.

आणि दारात अधिकारी बाई उभ्या राहिल्या. न सांगता येणं हे त्यांचं कामच. घामानं डबडबलेल्या, खांद्याला पिशवी. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, म्हाताऱ्यावरून, माझ्यावरून, पिठाच्या हातांनी उभ्या राहिलेल्या मुलावर आणली.

"काय, कसं चाललंय?"

निर्मलाताईंचं तोंड सवयीनं उघडलं. माझंही उघडलं. माझ्याकडं तर चांगली तयार वाक्यं होती.

"मंगळवारी घेतलं व्हतं," सम्यक म्हणाला. "परवा लई तलफ आली, तवा काकांकडं जाऊन बसलो. आज न्हाई घेतलं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "मंगळवारचं कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यायला."

"दवाखान्यात?"

"गेलतो. काका व्हते संगं."

बाईंनी निर्मलाताईंकडं बघितलं. निर्मलाताई म्हणाल्या, "खरं हाय. मी लई शिव्या दिल्या." बाईंना हसू आलं की नाही ते मला सांगता येणार नाही, त्या पाणी पीत होत्या. तांब्या ठेवून म्हणाल्या, "मंडळाला मी जे आहे ते सांगणार. मंगळवारचंही सांगणार." त्यांनी पिशवी उचलली. "आणि याला इथून हलवू नये, हेही सांगणार. पुढच्या महिन्यात परत येते."

त्या गेल्या. चपलांचा आवाज गल्लीत लांब गेला. सम्यक खाली बसला. त्याचा गुडघा हलत होता, माझाही हलत होता.

नानांनी घसा साफ केला.

"पिठलं खारट झालंय रे," ते म्हणाले.

सम्यकनं रिकाम्या ताटाकडं बघितलं, मग नानांकडं. "आता सांगायलाव व्हय आज्या? समदं खाऊन झाल्यावर?"

"वेळ लागला," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

सम्यकनं बोटानं पातेल्यातलं पिठलं चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि ताट उचलून मोरीकडं जाता जाता म्हणाला, "हाव, झालंय खरं. उद्या कमी टाकतो. उद्या आईचा वार हाय."